बाय तर हायच की

रेवती माने आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायला आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच स्टाफरूममधल्या प्रत्येकाने तिच्यासाठी मनातल्या मनात एकेक स्थळ काढून ठेवलं होतं. तिशीतली, पगारदार, नीटनेटकी बाई रोज समोर बसून डबा खाते आणि तिच्या लग्नाचं आपण काहीच करत नाही, ही गोष्ट सांगलीतल्या सज्जन माणसाला सहन होत नाही. जीवशास्त्राचे पाटील सर तर या बाबतीत फारच सज्जन. त्यांच्या ड्रॉवरमध्ये परीक्षेचे पेपर कमी आणि उपवर मुलांचे फोटो जास्त असायचे.

रेवती माण तालुक्यातली, दहिवडीच्या जवळची. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा ताठपणा तिच्या चालण्यात उतरला होता. व्हरांड्यातून ती निघाली की मुलं आपोआप भिंतीला चिकटायची. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना ती मुलांकडे बघत बोलत असायची आणि हात मागे आपलं काम करत असायचा. कोकणची किनारपट्टी अशी सुरेख उतरायची की खडू बाजूला ठेवल्यावर मुलं टाळ्या वाजवायची. त्यावर ती म्हणायची, "टाळ्या नकोत. मुद्दा सांगा." हे तिचं पेटंट वाक्य. प्राचार्य प्रास्ताविक लांबवायला लागले, तरी ती शेवटच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणायची, "सर, मुद्दा सांगा." आणि गंमत म्हणजे प्राचार्य सांगायचे.

मी मराठी शिकवते, त्यामुळे मुद्द्याशी माझा फारसा संबंध नाही. तरी आमची गट्टी जमली. माझ्या डब्यातली गुळाची पोळी तिला आवडायची आणि तिच्या डब्यातली बाजरीची भाकरी मला. एकदा मीही, इतरांच्या मागे कशाला राहा म्हणून, माझ्या वाईच्या भाच्याचा विषय काढला. इंजिनियर आहे, निर्व्यसनी आहे, वगैरे.

तिने घास संपवला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगते. मला पुरुष आवडतात आणि बायकाही आवडतात. सध्या एका बाईवर जीव आहे. त्यामुळे भाचा नको."

मी म्हटलं, "म्हणजे अजून तुझं नक्की ठरलेलं नाही का?"

"मॅडम, ठरलेलंच तर सांगितलं."

ती हसत होती. पुढे मला कळलं की हा प्रश्न तिला इतक्या लोकांनी विचारला होता, की ती उत्तर देण्याआधीच हसायला शिकली होती.

तो जीव होता वृषालीवर. वृषाली साताऱ्याची, मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. विश्रामबागेत दोघींनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक बेहद्द खूश. "मानेबाईंकडं एक पोरगा कधी येत न्हाई. असल्या मुली आता बघायला मिळत न्हाईत," असं ते सगळ्या गल्लीला सांगायचे. त्यांच्या मते चारित्र्य म्हणजे जिन्यावर पुरुषाची चप्पल नसणं. दोघींचं सुख त्या व्याख्येत अगदी आरामात बसत होतं.

मी त्यांच्याकडे जायची तेव्हा वृषाली चहा करायची आणि रेवती तिने ठेवलेल्या वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची. त्यावरून भांडणं. सगळ्या संसारांत असतात तशीच. एक भांडण मात्र वेगळं होतं. रेवती कुठल्याही पुरुषाशी चार वाक्यं जास्त बोलली की वृषाली गप्प व्हायची. खेळाच्या सरांनी तिला गाडीवरून सोडलं, तर दोन दिवस घरात शब्द नाही. एकदा माझ्यासमोरच ती म्हणाली, "मॅडम, मला फक्त बायकाच आवडतात, मला दुसरा रस्ताच नाही. हिचं तसं नाही. हिला दार कायम उघडं आहे. कधी कुठला बाप्या आवडेल आणि ही जाईल, सांगता येत नाही."

रेवती म्हणाली, "तुला कुठली दुसरी बाई आवडणार नाही, हे मी धरून चालते ना? मग?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

वृषाली कप उचलून विसळायला गेली. पण तिचा संशय गेला नाही. रेवतीने तो जावा म्हणून काय काय केलं! खेळाच्या सरांशी बोलणं बंद केलं, फोन उघडा ठेवायला लागली, सहलीला जायचं टाळलं. प्राचार्यांना मुद्द्यावर आणणारी ही बाई घरी स्वतःच्या प्रामाणिकपणाचे पुरावे देत बसायची.

मग साताऱ्याहून वृषालीची आई आजारी असल्याचा निरोप आला. वृषाली गेली. आई ठणठणीत होती. पुण्यातला एक मुलगा दाखवायला आणला होता. महिनाभर रडारड झाली, आणि एक दिवस रेवतीच्या हातात पत्रिका पडली.

"जायचंय का?" मी विचारलं.

"जायला पाहिजे. मी तिची जवळची मैत्रीण आहे, असं तिच्या आईला वाटतं."

मी तिच्याबरोबर गेले. साताऱ्यात हायवेलगतचं कार्यालय, सनई, गुलाबपाण्याचे फवारे. वृषालीच्या आईने रेवतीचे दोन्ही हात धरून सांगितलं, "आता तुझ्या मैत्रिणीला समजाव गं, रडू नको म्हणावं." तिने समजावलं. अक्षता टाकल्या, फोटो काढून घेतला, पंगतीत बसून जेवली. परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दार उघडं माझं होतं, मॅडम. बाहेर ती गेली."

एवढंच. दुसऱ्या दिवशी बारावीला मोसमी वारे शिकवले.

वर्षभराने तिने मोबाइलवर जोडीदार शोधायचं एक ॲप घेतलं. आपल्याबद्दलच्या माहितीत सरळ लिहिलं: 'बायसेक्शुअल. भूगोल शिकवते. भाकरी येते.' आणि मग स्टाफरूममधल्या आमच्या रिकाम्या तासाला जे करमणुकीचे कार्यक्रम झाले, त्याला तोड नाही. खोलीत आम्ही दोघीच असलो की ती आलेले निरोप मोठ्याने वाचायची आणि उत्तरपत्रिका तपासावी तसे मार्क द्यायची.

"'हाय, तुम्ही बाय आहात म्हणजे तुमची एखादी मैत्रीणही येईल का?' याला दहापैकी एक. तोही 'मैत्रीण' शुद्ध लिहिलंय म्हणून."

"'मला चालेल. मी फॉरवर्ड आहे.' मी याला विचारलंच नव्हतं चालेल का. शून्य."

"'खऱ्या पुरुषाची गाठ पडली नाही म्हणून असं वाटतं.' कॉपी केलेली आहे. कालच्याने हेच लिहिलं होतं."

बायकांचे निरोप ती वाचून दाखवायची नाही. मी एकदा विचारलं तर फोनच पुढे केला. एका मुलीने नीट, सभ्य भाषेत लिहिलं होतं, की तुम्ही छान वाटता, पण बाय मुलींशी मी बोलत नाही, त्या शेवटी लग्न करून निघून जातात. रेवतीने त्याला काही मार्क दिले नव्हते.

मग महाबळेश्वरचं प्रकरण झालं. अन्विता नावाच्या एका बाईशी तिचं बरेच दिवस बोलणं चाललं होतं. पुस्तकं, पाऊस, स्वयंपाक, सगळं जुळत होतं. भेटायचं ठरलं. रेवती नवा कुर्ता घालून, सांगलीहून एसटी बदलत बदलत महाबळेश्वरच्या एका हॉटेलात पोचली, तर टेबलावर अन्विताच्या शेजारी एक गृहस्थ मेनूकार्ड वाचत बसलेले.

"हे माझे मिस्टर," अन्विता म्हणाली.

गृहस्थांनी हात पुढे केला. "आम्ही दोघं फार ओपन माइंडेड आहोत. म्हटलं, तुम्हालाही दोन्ही आवडतं, तर सगळ्यांचीच सोय होईल."

रेवती बसली. एवढ्या लांब आली होती, तर तिने आधी स्ट्रॉबेरी क्रीम मागवलं. ते शांतपणे खाल्लं. मग गृहस्थांना विचारलं, "मला एक सांगा. यांना उद्या आणखी एक पुरुष आवडला, आणि तो इथं आपल्याबरोबर बसला, तर तुम्हाला चालेल?"

गृहस्थ एकदम ताठ झाले. "अहो, हे काय बोलणं झालं? घरंदाज बाई आहे ती!"

"म्हणजे माइंड एकाच बाजूने ओपन आहे," रेवती म्हणाली. "मला बायका आवडतात आणि पुरुष आवडतात, साहेब. सगळेच आवडतात असं नाही लिहिलेलं."

ही गोष्ट ती माझ्यापुढे त्या गृहस्थांचा आवाज काढून अशी रंगवून सांगायची, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण तिचा शेवट तिने बऱ्याच दिवसांनी सांगितला. निघताना अन्विता हात धुवायच्या निमित्ताने तिच्यामागे आली होती. नळ सोडून, आवाज झाकत म्हणाली, "कल्पना त्यांची आहे. पण आवड माझी आहे. ते त्यांना माहीत नाही." आणि तोंडावर पाणी मारून परत नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

"तिला काय सांगायचं, मला सुचलं नाही," रेवती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, मला सगळ्यांना उत्तरं देता येतात."

मला वाटतं, त्या बाईमुळेच ती मुलाखतीला तयार झाली. सांगलीतलं एक युट्यूब चॅनेल आहे. ते चालवणारा मुलगा एके काळी माझ्या वर्गात होता. ऑनलाइन ओळखी आणि त्यातले गैरसमज, असा त्याचा कार्यक्रम. तो घरी येऊन म्हणाला, "बाई, अतिशय संवेदनशीलपणे करणार आहोत. चेहरा दिसणार नाही, नाव येणार नाही." रेवती तासभर बोलली. मी तिथे होते. इतकं स्वच्छ, सरळ आणि मुद्द्याचं बोलणं मी क्वचित ऐकलं आहे. दोन्ही आवडणं म्हणजे दोन्ही एका वेळी हवं असणं नाही, हे सांगितलं. फसवणारा माणूस फसवतो, त्याला कोण आवडतं याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सांगितलं. वृषालीचं नाव न घेता, संशयात राहणं कसं असतं, तेही सांगितलं.

प्रसारित झालं ते जेमतेम तीन मिनिटांचं. वर लाल अक्षरांत: 'तोही हवा आणि तीही! सांगलीतल्या उभयलिंगी शिक्षिकेचा धक्कादायक खुलासा.' पार्श्वभूमीला दोन परदेशी बायका, मध्ये एक उघडा पुरुष, आणि कुठल्याशा समुद्रावरचा सूर्यास्त. माणच्या पोरीच्या आयुष्यात समुद्र कुठून आला, देव जाणे. तासाभरातून त्यांना एकच वाक्य वापरण्याजोगं सापडलं होतं: 'मला पुरुष आवडतात आणि बायकाही आवडतात.' ते तीनदा वाजवलं, मागे ढोल घालून. शेवटी एक समुपदेशक येऊन सांगून गेले, की मोबाइलमुळे तरुण पिढीची निर्णयशक्ती कमी झाली आहे.

चेहरा धूसर केला होता, पण आवाज तोच. आणि बोलण्याच्या भरात 'मुद्दा सांगा' असंही ती म्हणून गेली होती, ते त्यांनी काढलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं.

पाटील सरांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. चेहरा काळजीचा. "मॅडम, उभयलिंगी म्हणजे गांडूळ. मी अकरावीला शिकवतो. नर आणि मादी दोन्ही अवयव एकाच शरीरात. मानेबाईंचं असं काही असेल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "सर, तो शब्द उभयलैंगिक असा आहे. त्या चॅनेलवाल्याचं मराठी कच्चं आहे, तो माझाच विद्यार्थी."

"मग लैंगिक म्हणजे?"

हा तास मी घेतला नाही.

संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. अध्यक्ष ऊस बागायतदार, मनाने वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत कुठे बांध घालायचा ते आधी ठरवायचं असतं. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून मला बसवून घेतलं होतं.

"मानेबाई, आमची अडचण समजून घ्या," ते म्हणाले. "एखादीला नुसत्या बायका आवडत असत्या, तर आमी मुलांचा वर्ग दिला असता. तुमाला आता कुठला वर्ग द्यायचा?"

रेवतीने विचारलं, "सर, तुम्हाला बायका आवडतात ना?"

"आता हे काय विचारणं?"

"तरी मुलींचं वसतिगृह तुमच्या देखरेखीखाली आहे. तुम्हाला कुणी विचारलं, तुम्हाला कुठली इमारत द्यायची म्हणून?"

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा आहे हे माहीत असूनही प्यायला सुरुवात केली. निर्णय असा झाला, की वातावरण निवळेपर्यंत मानेबाईंनी ग्रंथालय सांभाळावं. तिथे पुस्तकं असतात आणि पुस्तकांना धोका नाही, असा त्यामागचा विचार असावा.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. मला तिचा फोन आला, "मॅडम, दादा आलेत. तुम्ही या." एवढ्या वर्षांत तिने मला मदतीला 'या' असं कधी म्हटलं नव्हतं. मी गेले, तर म्हातारा पांढऱ्या पटक्यात, ताठ, खुर्चीच्या टोकावर बसलेला. पायाशी बाजरीची पिशवी. रेवती समोर उभी, वर्गात उशिरा आल्यासारखी.

"बसा बाई," मला म्हणाले. "तुमच्याम्होरं बोलाया हरकत न्हाई म्हंती ही." मग लेकीकडे वळून म्हणाले, "गावच्या ग्रुपवर ते पिक्चर आलं. पोरं माज्याकडं बघून हसाय लागली. एक जण म्हनला, दादा, तुमची रेवती बाय हाय. म्हनलं, मग? बाय तर हायच की. माजी एकुलती एक बाय हाय ती. तर आजून हसली. ह्यात हसन्यासारकं काय हाय, ते तू मला सांग."

रेवतीने सांगितलं. साध्या शब्दांत, त्यांच्या बोलीत. ते ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे बाप्या बी चालतो?"

"चालतो."

"आगं मग आडतंय कुठं? एवढं कशाला त्वांड पाडून बसलीयास? बाप्याच बघू की! सोपं हाय की!"

मला वाटलं, झालं. वृषालीपासून अध्यक्षांपर्यंत ज्याने त्याने तिला 'तुला दोन्ही चालतं' हेच ऐकवलं होतं. पण रागावून, संशयाने. इथे ते मायेने आलं होतं, आणि त्याला उत्तर देणं अवघड होतं.

रेवती खाली त्यांच्या पायाशी बसली. "दादा, वृषाली आठवते? जत्रेला आली होती आपल्याकडं."

"साताऱ्याची? जिनं म्हशीची धार काढायचा नाद धरला हुता? आठवती की. लगीन झालं न्हवं तिचं?"

"ती माझी मैत्रीण नव्हती, दादा. म्हणजे, नुसती मैत्रीण नव्हती."

म्हाताऱ्याने पायाशी असलेली बाजरीची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तिच्या लग्नाला तू गेलीवतीस."

"हो."

"जेवलीस?"

"जेवले."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय हाल झालं आस्तील गं तुजं."

वृषालीच्या लग्नात न रडलेली, अध्यक्षांपुढे ताठ राहिलेली रेवती तेव्हा हंबरडा फोडून रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखरेचा डबा शोधायला मला मुद्दाम फार वेळ लागला.

ग्रंथालयाची शिक्षा टिकली नाही. बोर्डाची परीक्षा जवळ आली, बदली शिक्षकाने भूगोलाचं जे काय केलं ते पालकांच्या लक्षात आलं, आणि संस्कृतीपेक्षा निकाल महत्त्वाचा ठरला. वातावरण एका दुपारीत निवळलं.

महेश तिला जतला भेटला. मुलांना घेऊन ती पाणलोटाची कामं बघायला गेली होती, आणि तो तिथल्या एका संस्थेत बंधाऱ्यांचं काम बघायचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत कमी बोलणारा. तिने त्याला पहिल्या काही भेटींतच सगळं सांगून टाकलं. वृषाली, ॲप, चॅनेल, सगळं. तो विचार करून म्हणाला, "आत्ता माझ्याशिवाय दुसरं कुणी आवडतंय का?"

"नाही."

"मग मी कशाला भ्यायचं?"

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "किती मार्क?"

ती लाजली. मी तिला लाजताना पाहिलेलं ते एकदाच.

लग्न सांगलीत नोंदणी पद्धतीने झालं. आमच्या स्टाफला केवढा आनंद! तिने ग्रंथालयात दिवस काढले तेव्हा एकही जण पुस्तक बदलायला फिरकला नव्हता, आता तिच्यासाठी सगळे पुष्पगुच्छ घेऊन हजर. कुणी म्हणालं, योग्य निर्णय. कुणी म्हणालं, वयाप्रमाणे समज येतेच. त्या चॅनेलवाल्याचा मला फोन आला, की बाई, 'अखेर ती सावरली' असा पॉझिटिव्ह एपिसोड करू. मी त्याला आधी शुद्धलेखन सुधारायला सांगितलं. रेवती प्रत्येकाला शांतपणे एकच उत्तर देत होती. "निर्णय महेशबद्दल घेतला आहे. मी होते तशीच आहे." लोक हसून मान डोलवत होते, जणू नवरीने उखाणा घेतला.

जेवणं झाल्यावर पाटील सर तिच्या वडिलांशेजारी जाऊन बसले. गुडघ्यावर थोपटत म्हणाले, "काय हवालदारसाहेब, सुटलात! पोरगी बरी झाली एकदाची."

म्हाताऱ्याने विडा गालात सरकवला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आवं, बरी व्हायला ती आजारी कवा हुती?"

पाटील सर विडा आणायला उठले. रेवती थोड्या अंतरावर महेशच्या मावशीशी तोडक्यामोडक्या कानडीत बोलत होती. तिने ऐकलं. बोलणं अर्धवट टाकून ती आली, वडिलांच्या पटक्याचा सुटलेला शेमला नीट खोवला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, लोक बघत्यात." तिने हात काढला नाही. मग दंडाला धरून त्यांना उठवलं, बाहेर महेशच्या उघड्या जीपपाशी नेलं, पुढच्या सीटवर बसवलं, महेशला मागे मावशीशेजारी पाठवलं, आणि जरीच्या पदराचा बोंगा कमरेला खोचून स्वतः स्टिअरिंगवर बसली. मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत मला ती दोघं मागून दिसत होती. म्हातारा हातवारे करून तिला काहीतरी सांगत होता, आणि ती हसत होती.